खाडीच्या अलीकडेच टाकी भरावी : कोकण किनाऱ्यावरील दुचाकी प्रवासात पेट्रोलचा हिशेब

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशावर समुद्राच्या कडेने गेलेली एक सलग रेघ वाटतो, परंतु प्रत्यक्षात तो ठिकठिकाणी एखाद्या खाडीपाशी येऊन अडतो. कुठे पूल असतो, कुठे फेरीबोट असते, तर कुठे आत वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसते. मुंबई-गोवा महामार्गावर पेट्रोलची चिंता सहसा करावी लागत नाही, कारण पंप लागत राहतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र पंप बहुधा तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या बाजारपेठेत असतात. मधल्या वाड्यांमध्ये मिळालेच तर एखाद्या दुकानात बाटलीत भरून ठेवलेले पेट्रोल मिळते, आणि ते किती दिवसांचे आहे व त्यात काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून या रस्त्यावर पेट्रोलचा हिशेब एका गृहीतकावर करावा, ते म्हणजे पुढची फेरीबोट मिळणार नाही. दापोलीहून दाभोळला उतरून वाशिष्ठीची खाडी बोटीने ओलांडली की पलीकडे धोपावे लागते आणि तेथून गुहागर जवळच आहे. पण शेवटची फेरी चुकली, ओहोटीमुळे बोट धक्क्याला लागेना, हवा वादळी झाली किंवा बोटीचे यंत्रच बिघडले, तर पुन्हा दापोलीपर्यंत चढून खेड आणि चिपळूण असा फेरा मारून गुहागर गाठावे लागते. हा फेरा शंभर किलोमीटरपेक्षा मोठा आहे. गणपतीत आणि शिमग्यात तर बोट सुरू असूनही गाड्यांची रांग इतकी लांबते की वळसा बरा वाटू लागतो. बागमांडला-वेश्वी, आगरदांडा-दिघी आणि जयगड-तवसाळ या फेऱ्यांनाही हेच लागू आहे. तेव्हा दाभोळला उतरण्यापूर्वी दापोलीतच टाकी भरावी, मग ती अर्धी भरलेली का असेना. सकाळच्या न्याहारीइतकीच ही सवय अंगवळणी पडली पाहिजे.

आता आपली गाडी किती अंतर जाते, हे आपल्यालाच ठाऊक असले पाहिजे. टाकी मोठी म्हणजे पल्ला मोठा, हा समज फारसा खरा नाही. स्प्लेंडर प्लसची टाकी 9.8 लिटरची आहे आणि ही गाडी लिटरला साठ किलोमीटर देत असेल, तर पावणेसहाशे किलोमीटरपेक्षा थोडी अधिकच जाईल. जुन्या 411 सीसी हिमालयनची टाकी 15 लिटरची आहे, पण लिटरला तीस धरले तर साडेचारशेलाच हिशेब संपतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरच्या 5.3 लिटरच्या टाकीत पंचेचाळीसच्या हिशेबाने सव्वादोनशेच्या पुढे फारसे जाता येत नाही. गट करून निघताना ज्याचा पल्ला सर्वांत कमी, त्याच्या टाकीप्रमाणे पंप ठरवावेत. असे केले नाही तर दहा गाड्यांपैकी नऊ एका गाडीची वाट पाहत उभ्या राहतात.

एव्हरेज काढण्याची खात्रीची पद्धत टाकी ते टाकी हीच आहे. गाडी सरळ उभी करून टाकी ठरावीक पातळीपर्यंत भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावे. पुढच्या वेळी तशीच सरळ उभी करून त्याच पातळीपर्यंत भरावी आणि झालेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागावेत. 312 किलोमीटरला 8.9 लिटर लागले असतील, तर एव्हरेज 35 आहे. एकदा साइड स्टँडवर आणि एकदा सरळ उभी करून भरल्यास आकडा चुकतो, कारण कललेल्या टाकीत कमी पेट्रोल मावते. टाकी तोंडापर्यंत काठोकाठ भरू नये. पेट्रोल उन्हाने प्रसरण पावते, शिवाय बीएस-6 या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांमध्ये पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा असतो, त्यात द्रव पेट्रोल शिरले तर गाडी कुरकुर करू लागते.

हा आकडा तीन-चार वेळा काढावा आणि त्यातील सर्वांत कमी तो प्रवासासाठी धरावा. मागे माणूस, दोन बाजूंना पिशव्या आणि चाकांत हवा कमी असे असेल, तर तो आणखी घटवावा. पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा लागतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. जुन्या वहीतील एव्हरेजवर विसंबून आज निघणे म्हणूनच बरोबर नाही.

एक उदाहरण घेऊ. टाकी 13 लिटरची आहे आणि लादलेल्या गाडीचे किनाऱ्यावरील एव्हरेज 30 आहे. तळाचे दीड लिटर हिशेबात धरायचेच नाहीत, म्हणजे उरले साडेअकरा लिटर आणि 345 किलोमीटर. त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे 230 किलोमीटर, हा आपला खरा पल्ला समजावा आणि ट्रिप मीटर त्याच्या जवळ येण्याआधी पंप गाठावा. उरलेला एक तृतीयांश भाग चुकलेल्या फेरीसाठी, चुकलेल्या वाटेसाठी आणि बंद निघालेल्या पंपासाठी असतो.

पेट्रोलच्या काट्यावर मात्र भिस्त ठेवू नये. टाकीतील तरंगत्या गोळ्यावर तो चालतो आणि किनाऱ्याचा रस्ता तर एकसारखा चढउताराचा: खाडीतून घाटी चढून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, यायचे आणि सडा संपला की पुन्हा पुढच्या खाडीत उतरायचे. चढावर काटा एक दाखवतो, उतारावर दुसरे. नव्या गाड्यांत आणखी किती किलोमीटर जाईल, हे आकड्यात दिसते, पण तो आकडा मागच्या काही अंतराच्या खर्चावरून काढलेला असतो. महामार्गावरून एका लयीत आलेली गाडी 180 दाखवत असली, तरी घाट्या सुरू झाल्या की तो आकडा रस्त्यापेक्षा वेगाने उतरू लागतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला टाकीखाली पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, असतो: ऑन, रिझर्व्ह आणि ऑफ. ऑनवरचे पेट्रोल संपले की कॉक रिझर्व्हवर करून तळाचे राखीव पेट्रोल वापरायचे. या कॉकने मला एकदा चांगलाच धडा दिला. राजापूरकडून जैतापूरमार्गे विजयदुर्गाला निघालो होतो. गाडी आदल्या दिवशीच दुरुस्तीहून आली होती आणि गॅरेजमध्ये कोणीतरी कॉक रिझर्व्हवर करून तसाच ठेवला होता. मीही निघताना हात लावून पाहिला नाही. सड्यावर, जिथे उन्हात जांभा दगड आणि वाळलेले गवत यांखेरीज काही नव्हते आणि फोनला रेंजही नव्हती, तिथे गाडी दोन आचके देऊन बंद पडली. सवयीने कॉककडे हात गेला, तर तो आधीच रिझर्व्हवर. काठी टेकत चाललेले एक आजोबा थांबले, "काय झाला? पेट्रोल संपला?" एवढे विचारून समोरची पायवाट दाखवून गेले. त्या दिवसापासून किल्ली फिरवण्याआधी मी डाव्या गुडघ्याखाली हात घालून कॉक चाचपतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत आणि त्यांत हा कॉक नसतो. काट्याजवळचा पिवळा दिवा हीच त्यांची रिझर्व्ह. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा त्यांचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. दिवा लागल्यावरही रोज रेटत राहिले तर पंप तापून लवकर निकामी होतो, आणि तो काही वाटेवरच्या गॅरेजमध्ये मिळत नाही.

गाडी चालवण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सड्यावरील मोकळ्या रस्त्यावर ऐंशीऐवजी साठने गेल्यास वाचणारे पेट्रोल अनेकांना खोटे वाटते. उतारावर न्यूट्रल करण्याची सवय तर सोडूनच द्यावी. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाचा पेट्रोलपुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचत नाही आणि इंजिनाचा ब्रेकही जातो, जो करूळसारख्या घाटात हवाच असतो.

जादा पेट्रोल न्यायचेच असेल, तर ते घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात लिटर-दोन लिटर न्यावे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत ते मुळीच भरू नये. पंपावरही तसे देण्यास नकार मिळतो, आणि तो योग्यच आहे. डबा जमिनीवर ठेवून भरावा, वर थोडी जागा मोकळी सोडावी आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधावा. गाडी रेल्वेच्या पार्सलने नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाडी चढवताना टाकी रिकामी असावी लागते आणि डब्यात पेट्रोल घेऊन रेल्वेत बसता येत नाही. रत्नागिरीचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर आहे. तेव्हा कोरडी गाडी ढकलत निघण्याऐवजी ती स्थानकावर ठेवून, रिक्षाने पंपावर जाऊन डबा भरून आणावा.

खिशात रोख पैसे असावेत. वीज किंवा नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देता येत नाहीत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले, त्यानंतर तिथल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा असताना किनाऱ्यावर असाल, तर आदल्या संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी.

एवढे करूनही गाडी बंद पडलीच, तर पेट्रोलच संपले असे लगेच मानू नये. आधी हँडलवरील इंजिन बंद करणारा लाल स्विच पाहावा. मग टाकीचे झाकण उघडून गाडी हलवावी आणि आतील आवाज ऐकावा. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजले आहे असे समजावे. खरोखरच पेट्रोल संपले असेल आणि गाडीला कॉक असेल, तर शेवटचा एक उपाय उरतो. टाकीचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो; मधल्या उंचवट्यामुळे कॉकच्या विरुद्ध बाजूच्या खोबणीत थोडे पेट्रोल अडकून राहते. झाकण घट्ट लावून, कॉक ऑफ करून गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलती करावी, क्षणभर तशीच धरावी आणि पुन्हा उभी करून कॉक रिझर्व्हवर करावा. त्या सड्यावर याच उपायाने मला चार किलोमीटर मिळाले आणि उतारावरचे पहिले घर गाठता आले. इंजेक्शनच्या गाडीत हा उपाय चालेलच असे नाही. तिथे पेट्रोल आणून ओतल्यावर किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करावी, दर वेळी पंपाची बारीक घरघर थांबू द्यावी आणि मगच स्टार्टर दाबावा.

पंपावर पोहोचून टाकी भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि झाकण लावण्याआधी कॉक रिझर्व्हवरून पुन्हा ऑनवर करावा.