एस्पान्योलाचा कातळकिनारा नीट बघायचा असेल तर

गॅलापागोसला जाऊन लोक कासवांचे फोटो काढून परत येतात, पण माझं ऐकाल तर एस्पान्योला बेटावरचं पुंता सुआरेझ हे टोक चुकवू नका. गॅलापागोस मुळात इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत समुद्रात, त्यात हे आग्नेयेचं अगदी शेवटचं बेट. स्वतः बोट घेऊन उतरता येत नाही, नॅशनल पार्कचा गाईड सोबत लागतोच.

बुकिंग करताना एक गोष्ट नक्की विचारा. प्लॅनमध्ये नुसतं एस्पान्योला लिहिलं असेल तर कधीकधी फक्त गार्डनर बे असतो, तो छान आहे पण ती वाळूची पुळण, कातळ आणि कडे बघायचे तर पुंता सुआरेझ हेच नाव लिहिलेलं पाहिजे. पार्कची फी ऑगस्ट 2024 पासून आपल्यासारख्या परदेशी प्रौढांना 200 डॉलर झालीये, ती कॅश जवळ ठेवा.

महिना कुठला? एप्रिल ते डिसेंबर. वेव्ह्ड अल्बाट्रॉस हे मोठाले समुद्रपक्षी त्याच काळात असतात, आणि जगातले जवळजवळ सगळे याच बेटावर घरटं करतात, घरटं म्हणजे काय तर उघड्या जमिनीवर ठेवलेलं एक अंडं. जानेवारी ते मार्च गेलात तर ते समुद्रावर गेलेले असतात, मग फार चुकल्यासारखं वाटतं.

बोटीतून उतरल्या उतरल्या आधी पायाखाली बघा, खरंच सांगतोय, कारण काळ्या खडकावर समुद्री इगुआना एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असतात आणि पहिल्या मिनिटाला ते खडकच वाटतात. आपल्या घोरपडीची आठवण येते, पण यांच्या अंगावर लाल-हिरवट रंग असतो, आणि हे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात. जास्तीचं मीठ नाकातून फवाऱ्यासारखं बाहेर टाकतात, त्यामुळे डोक्यावर पांढरा थर दिसतो. एका जागी पाच मिनिटं शांत उभे राहा, फवारा दिसतोच. शेजारी लालभडक सॅली लाइटफूट खेकडे असतात, ते मात्र आपली सावली पडली की पळतात, तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन पुढं जाऊ नका.

पायवाट मोठाल्या दगडांवरून जाते, दोनतीन तास धरा, ग्रिपवाले बूटच घाला, चप्पल नको. ब्लू फुटेड आणि नाझ्का बूबी हे समुद्रपक्षी कधी वाटेतच बसलेले असतात. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे आणि ते घाबरत नसल्यामुळे अंतर आपणच ठेवायचं, पक्षी वाटेत असेल तर थांबा, गाईड वळसा दाखवेल. फ्लॅश बंद ठेवा. इथला मॉकिंगबर्ड पाण्याच्या बाटलीवर येऊन बसतो, बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाहीच म्हणून, जीव तुटतो, तरी पाणी पाजायचं नाही. सवय लागली तर त्याचंच नुकसान.

दक्षिणेच्या कड्यावर पोचलात की कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवा. खाली कातळातल्या भेगेतून लाट शिरते आणि पाण्याचा खांब उंच उडतो, आणि याच कड्यावरून अल्बाट्रॉस झेप घेतात, जड पक्षी आहे ना, चालत चालत कडेला येतो, पंख उघडतो आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देतो. अडीच मीटरच्या आसपास पंखांचा पसारा. मला तिथून हलवेना.

परत बोटीवर चढताना बुटांचे तळवे धुवा, खाचांमध्ये अडकलेल्या बिया पुढच्या बेटावर जाता कामा नयेत.