व्हर्च्युअल डेस्कटॉप सर्टिफिकेटच्या एररवर अडकत होता: माझा अनुभव

देवगडात घरून काम करतो. ऑफिसने व्हर्च्युअल डेस्कटॉप (ऑफिसच्या सर्व्हरवर चालणारा, घरून इंटरनेटवरून वापरायचा कॉम्प्युटर) दिला, दोन दिवस नीट चालला. मग पावसात रात्रभर लाइट गेली आणि सकाळी कनेक्ट करताना एरर: सर्व्हरचं सर्टिफिकेट (ठरावीक मुदतीचं डिजिटल ओळखपत्र) वैध नाही किंवा मुदत संपली आहे. पासवर्डपर्यंत पोचतच नव्हतो.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, राउटर बंद-चालू केला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. दीड दिवस फुकट गेला. आयटीवाले म्हणत, आमच्याकडून सगळं ठीक आहे. होतंच ठीक! स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख २०१९ ची दिसत होती. सर्टिफिकेट ज्या तारखेपासून लागू, त्याच्या आधीचीच तारीख कॉम्प्युटर धरून बसलेला.

विंडोजवर हे याच क्रमाने करा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद करून तारीख-वेळ हाताने घाला. टाइम झोन यूटीसी +५:३० (भारताची वेळ). मग ऑटोमॅटिक चालू करून 'सिंक नाऊ' दाबा. (थेट सिंक केलं तर माझ्याकडे फेल गेलं, फरक फार मोठा होता.) अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा.

पुन्हा लाइट गेली की तेच होणार, कारण मूळ दोष मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) गोल सेलचा; लाइट नसताना घड्याळ त्यावरच चालतं. प्लग काढून सीआर २०३२, ३ व्होल्टचा नवा सेल बसवला, अक्षरांची बाजू वर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) वेळ लावून सेव्ह केली. त्यानंतर तीनदा लाइट गेली, घड्याळ जागेवर आहे.