बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा गडवा
बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची रीत आपल्याकडं खेड्यात अजून दिसते. ती रीत सोडूनच द्या, वैशाखात तर नक्कीच. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. बाळ प्यायला लागलं की आईचा घसा कोरडा पडतो तो उगाच नाही. म्हणून पाजायला बसण्याआधी भरलेला गडवा हाताशी ठेवा, तहानेपुरतं प्या. जबरदस्तीनं जास्त प्यायल्यानं दूध वाढत नाही. लघवी गडद पिवळी झाली, तर मात्र पाणी कमी पडतंय.

भूकही खरीच असते, दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त लागतात. रात्रीसाठी डब्यात फुटाणे, शेंगदाणे-गूळ, डिंकाचा लाडू ठेवा. जेवणात भाकरीसोबत तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी. घरातल्यांनी तिला शेवटी जेवायला बसवू नये.