गोठलेल्या पाण्यावर पाऊल टाकण्यापूर्वी
नागपुरात पारा आठ-दहा अंशांवर उतरला तरी शेकोट्या पेटतात. त्यामुळे येथून जानेवारी-फेब्रुवारीत लडाखच्या गोठलेल्या झांस्कर नदीवर चादर ट्रेकसाठी जाणाऱ्याला बर्फाची पारख नसणे स्वाभाविक आहे. गोड्या पाण्याचा पारदर्शक, एकसंध बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड असेल तरच त्यावर चालावे. पांढरा, दुधाळ बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असतो. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते आणि त्या बर्फात खारे पाणी अडकून राहते, म्हणून तो तेवढ्याच जाडीच्या नदीच्या बर्फाहून कमकुवत असतो. त्याच्या फुटलेल्या तुकड्यांवरून उड्या मारत जाणे टाळावेच.

चालताना काठीने पुढचा बर्फ ठोकावा, एकमेकांत काही मीटर अंतर ठेवावे आणि पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा. पाण्यात पडल्यास पहिले मिनिट केवळ श्वास आवरण्यात घालवावे, कारण हातपाय आखडण्यापूर्वी हालचालीसाठी सुमारे १० मिनिटे मिळतात. मग आलो त्याच दिशेला तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपला भार नुकताच पेललेला असतो, आणि पाय मारत पोटावर वर सरकून, उभे न राहता, लोळत दूर जावे. ही कसरत आधी जलतरण तलावाच्या काठावर शिडी न वापरता करून पाहावी (लोक हसतील, हसू द्यावे). कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत बांधलेला असावा.