अबॉर्शनवर नेते बोलतात तेव्हा नेमकं काय ऐकायचं

अमेरिकेत इलेक्शन आलं की अबॉर्शनवर डिबेट होणारच, आणि ती ऐकताना माणूस मुद्दा कळायच्या आधीच कुठल्यातरी बाजूचा होऊन बसतो, कारण शब्दच तसे निवडलेले असतात. ते पकडायची माझी पद्धत सांगतो, फार काही अवघड नाहीये.

प्रो-लाइफ (अबॉर्शनच्या विरोधातले), प्रो-चॉइस (अबॉर्शनच्या हक्काच्या बाजूचे) या लेबलांवर वेळ घालवू नका. दोन्ही नावं त्या त्या गटाने स्वतःच लावून घेतलीयेत, आणि जीवनाच्या विरोधात कोण उभं राहणार, निवडीच्या विरोधात तरी कोण?

खरी गंमत पोटातल्या जीवाला काय म्हणतात तिथे आहे. २०२३ मध्ये ओहायोत अबॉर्शनचा हक्क राज्यघटनेत घालायचा का यावर मतदान होतं, मूळ प्रस्तावात फीटस (गर्भ) होतं पण मतपत्रिकेवर जो सारांश छापला त्यात बॅलट बोर्डाने, म्हणजे मतपत्रिकेचा मजकूर ठरवणाऱ्या मंडळाने, अनबॉर्न चाइल्ड (न जन्मलेलं मूल) केलं, कोर्टात भांडण झालं तरी तो शब्द राहिला. (प्रस्ताव तरीही साधारण ५७ टक्के मतं मिळवून पास झाला, म्हणजे शब्द बदलला की मत बदलतंच असंही नाही.) तुम्ही एक करा, नेत्याचं वाक्य घ्या, त्यातला शब्द काढून समोरच्या पार्टीचा घाला आणि परत वाचा. वाक्य पटायचं थांबलं तर तुम्हाला मुद्दा पटला नव्हता, शब्द पटला होता.

मग बघा शब्द दवाखान्यातून आलाय की प्रचारातून. पार्शल बर्थ अबॉर्शन, शब्दशः अर्धवट जन्म झाल्यावरचं अबॉर्शन, हे डॉक्टरांचं नाव नाहीच, १९९५ च्या सुमारास अबॉर्शनविरोधी गटांनी ते चालवलं आणि इतकं चाललं की २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या नावातच जाऊन बसलं, २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायमही ठेवला. लेट टर्मचंही तेच. प्रसूतितज्ज्ञांसाठी लेट टर्म म्हणजे ४१ आठवडे उलटलेली प्रेग्नन्सी, ड्यू डेट जाऊन आठवडा झालेली, आणि नेते तोच शब्द २१व्या आठवड्यालाही लावतात. २०१६ च्या डिबेटमध्ये ट्रम्प नवव्या महिन्यात बाळ ओढून काढण्याबद्दल बोलले, ऐकणाऱ्याला वाटतं हे रोजचंच चाललंय, पण सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांत २१ आठवडे आणि त्यापुढचे सगळे अबॉर्शन मिळून साधारण १ टक्का भरतात. त्यामुळे विशेषण ऐकलं की आठवडा विचारायचा, दरवेळी.

हार्टबीट बिल म्हणजे तरी काय, गर्भाचे ठोके लागले की अबॉर्शन बंद, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची मर्यादा. टेक्सासमध्ये ती सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि तेव्हा हृदयाची रचना पूर्ण झालेली नसते, अल्ट्रासाऊंडवर दिसते ती हृदय होऊ घातलेल्या पेशींची हालचाल. पण आता बिलाला सहा आठवड्यांचं बिल म्हणून बघा, भाषणातला अर्धा जोर गेला ना?

हे सगळं आपल्याला आवडणाऱ्या बाजूलाही लावायचं, इथेच लोक आळस करतात. हक्काच्या बाजूचे डेमोक्रॅट नेते रिप्रॉडक्टिव्ह फ्रीडम (मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायचं स्वातंत्र्य), हेल्थकेअर, स्त्री आणि तिचा डॉक्टर असं छान बोलतात पण कितव्या आठवड्यापर्यंत विचारलं की उत्तर गोल फिरतं. आणि बॅन हा शब्द तर ते १५ आठवड्यांच्या मर्यादेलाही लावतात आणि पूर्ण बंदीलाही, दोन्हीत केवढा फरक आहे. उलट २०२३ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांच्या बाजूने १५ आठवड्यांना लिमिट म्हणा, बॅन म्हणू नका असा प्रचार झाला, तरी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली.

शेवटचा आणि सगळ्यात फसवा शब्द, अपवाद. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे, असं म्हटलं की विषय मिटल्यासारखा वाटतो. टेक्सासमध्येही सूट आहे, पण कायदा मोडल्याचं ठरलं तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १ लाख डॉलर दंड. म्हणून अपवाद ऐकलात की तीन गोष्टी विचारा: धोका आहे हे कोण ठरवणार, तब्येत किती बिघडेपर्यंत थांबायचं, आणि डॉक्टरचा निर्णय चुकीचा ठरला तर त्याचं काय होणार.