द्राक्षबागेत खताची सेवा नव्याने बसवायला जाताना काय काय तयारी लागते

बागायतदारांच्या गटासोबत बसून खत व्यवस्थापनाचं सर्व्हिस डिझाइन (म्हणजे सेवा कोणाला, कशी आणि केव्हा पोचेल याची आखणी) करायचं ठरलं असेल, तर त्यांना शिकवायला जायचा बेत आधी सोडा. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं), पीएच (आम्ल-विम्लता), ईसी (क्षारांचं प्रमाण) हे शब्द रोज वापरतो. गाडी अडते ती तपासणीचा अहवाल उशिरा आणि न उमगणाऱ्या मापात येतो म्हणून. तयारीत सगळा भर या दोन गोष्टींवर ठेवा.

तारीख बागेकडे बघून धरा. फळ छाटणीनंतर (घड धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, आणि विरळणी सुरू असताना कोणी तुमच्याशी दहा मिनिटंही बोलणार नाही, आणि बोललाच तर तो तुम्हाला वाटेला लावण्यासाठी. काढणी आटोपल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत (नवी काडी तयार करण्यासाठीच्या छाटणीपर्यंत) बाग विश्रांतीत असते. गप्पांना, हिशेबाच्या वह्या काढायला हाच काळ बरा.

कोणाकोणाला भेटायचं ते नावानिशी लिहून काढा. फक्त सातबाऱ्यावरच्या माणसाला भेटून परत आलात तर निम्मी सेवा दिसलीच नाही असं समजा. व्हेंच्युरीला (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीला) बादली लावणारा सालगडी, उधारीची वही ठेवणारी घरातली बाई, प्लॉटवर येणारे सल्लागार आणि कृषी सेवा केंद्राचा काउंटर सांभाळणारा हे चौघेही यादीत हवेत. दुकानदाराला खलनायक ठरवून जाऊ नका. हंगामावर फेडायच्या बोलीने माल तोच देतो, त्यामुळे कुठली गोणी घ्यायची हे बऱ्याचदा त्याच्या काउंटरवर ठरतं. लिंकिंगचा, म्हणजे हव्या खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याचा विषयही तिथेच निघेल. तो मोकळेपणी निघावा म्हणून त्याला बागायतदारासमोर विचारू नका.

प्रश्नावलीपेक्षा एका गोणीचा माग काढायची तयारी करा. ती कोणाच्या सांगण्यावरून घेतली, पैसे कधी दिले, शेडमध्ये कुठे ठेवली, टाकीत किती पडली आणि कोणी मोजली? मापाचा डबा मागून घ्या, वजनकाटा सोबत न्या आणि ‘दोन डबे’ म्हणजे खरोखर किती किलो ते तिथेच तोला. कॅल्शियम नायट्रेट आणि 0:52:34 (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) एकाच टाकीत पडतात का, तेही बघा. पडत असतील तर साका बसून ड्रीपर चोंदतात, आणि दोष कंपनीला किंवा पाण्याला जातो.

जुने अहवाल काढून ठेवायला बागायतदाराला फोनवरच सांगा. मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी अहवालात) पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब धरून 12 घटक असतात. पण 2015 साली योजना सुरू झाली तेव्हा बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक नमुना, असा हिशेब होता. दीड एकराच्या प्लॉटवाल्याला तो आपल्या बागेचा वाटत नाही, यात त्याचं काय चुकलं?

कोऱ्या कागदावर अहवालाचे दोन-तीन नमुने घरूनच करून न्या. समजा शिफारस हेक्टरी 60 किलो नत्राची आहे. एकरी ते 24 किलोच्या जवळ जातं, म्हणजे सुमारे 53 किलो युरिया: 45 किलोची एक गोणी आणि वर थोडा. पण 50 किलो डीएपी आधीच टाकलं असेल तर 9 किलो नत्र त्यातूनच गेलं, आणि युरिया 33 किलोवर येतो. ही वजाबाकी आज बागायतदाराच्या डोक्यात किंवा सल्लागाराच्या जिभेवर होते. ती कागदावर आणून बघा. एका नमुन्यात गोण्या लिहा, एकात ड्रीपमधून रोज किती सोडायचं ते, आणि कागद सालगड्याच्या हातात द्या. तो मालकाला न विचारता टाकी भरू शकला तरच नमुना पास.

वेळेचा तक्ता सगळ्यात बारकाईने आखा. खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी पाचव्या पानाचा देठ परीक्षणाला जातो आणि त्याच सुमारास सूक्ष्म घडनिर्मिती (डोळ्याच्या आत पुढच्या घडाची घडण) चालू असते. तेव्हा नत्र जास्त झालं तर काडी जोमात वाढते आणि घडाची बाळी (घडाऐवजी नुसता तणावा) व्हायची भीती असते. अहवाल पुढच्या पंधरवड्यात आला तर तो फाइलला लावायच्या कामाचा. म्हणून जवळच्या प्रयोगशाळेत जाऊन नमुना पोचल्यापासून निकाल निघेपर्यंत प्रत्यक्षात किती दिवस जातात ते विचारून घ्या. देठ कागदी पिशवीतून कोण नेणार, कोणत्या वाराला, गाडीभाडं कोणाचं, हेही ठरवा. दूध संकलनाची गाडी रोज जात असेल तर तिला विचारायला लाज कसली?

बाकी किरकोळ: टोपी, पाणी, वहीचे फोटो काढण्याआधी परवानगी, आणि उधारीचे आकडे असलेला फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर जाणार नाही ही खबरदारी. सेवा सुरू झाल्यावर मे-जूनमध्ये बागायतदाराचा फोन कोण उचलणार, आणि त्याचा पगार गट देणार की वर्गणीतून निघणार, हे गटाच्या संचालकांकडून निघण्याआधीच लेखी घ्या.