अंड्याचा रंग हवा असेल तर आधी कोंबडा पारखा

रंगीत अंड्यांसाठी कोंबड्या निवडताना बहुतेक जण फक्त मादीकडे बघतात. पण पिल्लांना निम्मा वारसा नराकडून मिळतो, आणि नर तर अंडी घालत नाही! म्हणून त्याची परीक्षा त्याच्या लेकींवरून करायची. निळ्या अंड्याचे जनुक प्रभावी असते, एकच प्रत मिळाली तरी कवच निळे होते. नराला पांढरी अंडी देणाऱ्या माद्यांबरोबर ठेवा. त्यांच्यापासून झालेल्या सगळ्या तलंगांनी (नुकत्याच अंड्यावर आलेल्या लेकींनी) निळी अंडी दिली तर नराकडे बहुधा दोन्ही प्रती आहेत. साधारण निम्म्यांनीच दिली तर एकच. मात्र चार-पाच तलंगांवरून निकाल लावू नका.

निळा रंग कवचात आरपार असतो, तपकिरी वरच्या थरात बसतो. हिरवे अंडे म्हणजे निळ्यावर चढलेला तपकिरी; ते फोडून आतून बघा, निळसर दिसेल. तपकिरी रंग अनेक जनुकांवर चालतो, त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या गडद अंडीच उबवायला ठेवावी लागतात. तुलना मात्र हंगामाच्या एकाच टप्प्यावर करा, कारण अंडी देणे लांबत जाते तसा हा रंग फिका पडतो.

पिसांचे म्हणाल तर राखाडी-निळ्या रंगाची जोडी लावून सगळी पिल्ले तशीच मिळत नाहीत: सरासरी निम्मी निळी, पाव काळी, पाव फिकट ठिपक्यांची. सगळी निळीच हवीत तर काळ्याची जोडी त्या फिकट ठिपकेवाल्याशी लावा. आणि पायात क्रमांकाची कडी घाला, नाहीतर कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे हेच कळत नाही.